दोनशे चौदावा शॉट

शापित तलवार एकदा म्यानाबाहेर आली, की रक्ताच्या नात्यातलं एक माणूस घेतल्याशिवाय ती परत म्यानात जात नाही. इझुमोच्या डोंगरात ज्यांच्या भट्टीचा विस्तव बाराशे वर्षं विझला नाही, त्या लोहारांचं हे वचन. निदान चित्रपटाच्या पहिल्याच पाटीवर तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते वचन दिग्दर्शक सागिसाका यांनी मागच्या मार्चमध्ये सुगिनामीतल्या एका उभ्याने खायच्या नूडल्सच्या दुकानात, वाडग्यातलं सूप संपेपर्यंत लिहून काढलं होतं. त्यात त्यांनी आठशे वर्षं घातली होती. कचेरी सांभाळणाऱ्या नागुमोबाईंना ती कमी वाटली, म्हणून बाराशे झाली.

पण अशा वाक्याचं एक असतं. ते कुणी लिहिलं हे पक्कं माहीत असलेला माणूसही त्याच्या शेजारी सात-आठ महिने बसला, की त्याला घाबरायला लागतो.

कुझुहारा तोमोनोरी त्या वाक्याला इतका घाबरला होता, की ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याचं चार किलो वजन उतरलं होतं. वय बावन्न. अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात एकोणतीस वर्षं झालेली. विशेष प्रावीण्य घोड्यांच्या पायांत. पडद्यावर सैन्य दौडत निघालं, की कमरेखालचं सगळं त्याच्या टेबलावर यायचं. कमरेवरचं, म्हणजे स्वार, त्यांचे चेहरे, त्यांच्या तलवारी, हे इतरांकडे जायचं आणि तिथून तपासणीला त्याच्या धाकट्या भावाकडे. यासुमिची त्याच स्टुडिओत चित्रांचा मुख्य तपासनीस होता. स्टुडिओत एकाला थोरले म्हणत, दुसऱ्याला धाकटे. दोघांच्या टेबलांमध्ये सव्वा मीटर अंतर होतं आणि दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगितलं तर बाहेरच्या माणसाला हसू येईल. तपासनीसाला चित्र पटलं नाही, की तो त्यावर पातळ पिवळा कागद ठेवून दुरुस्त रेघ काढून देतो. हा रोजचाच प्रकार, कुणी मनावर घेत नाही. नऊ वर्षांपूर्वी तोमोनोरीने एका द्वंद्वयुद्धाची अडतीस चित्रं केली. अडतीसच्या अडतीस चित्रांवर पिवळा कागद चढून आला, आणि वर चिठ्ठी होती : ‘आपण फार कष्ट घेतलेत.’ शिवी असती तर त्याने गिळली असती. सख्ख्या भावाने ‘आपण’ म्हटलं, ते घशाखाली उतरलं नाही. त्यानंतर तो घोड्यांकडे वळला.

या चित्रपटात तलवारी घडवणाऱ्या एका लोहाराचे दोन मुलगे आहेत. बाप एकाच लोखंडातून दोन तलवारी घडवतो आणि मरतो. जो आधी तलवार उपसेल त्याच्या हातून भावाचा जीव जायचा, असा शाप. सागिसाकांना ही गोष्ट इझुमोतल्या एका लहानशा देवळाच्या दंतकथेवरून सुचली होती. आता शापाचा, भुताचा चित्रपट करायचा म्हटलं, की काम सुरू करण्याआधी त्या जागी जाऊन शुद्धीचा विधी करून घ्यायचा आणि मंतरलेली लाकडी पाटी आणून स्टुडिओत उंचावर ठेवायची, ही या धंद्यातली रीत. संगणकावर पाऊस पाडणारी मुलंसुद्धा ती पाळतात. वयाने सगळ्यात वडील चित्रकार विधीला जातो. तो तोमोनोरी होता.

एप्रिलमध्ये तो निघाला. डोंगरातल्या देवळाकडे दिवसाला दोन बसेस जातात. सकाळची चुकली. दुपारच्या बसला चार तास होते आणि थांब्यासमोर गरम पाण्याच्या कुंडाची खानावळ होती. तो कुंडात उतरला, मग खेकडा मागवला, मग साके. दुपारची बस त्याने खिडकीतून जाताना पाहिली आणि तिला चषक उंचावून निरोप दिला, हे त्याला अजून नीट आठवत होतं. परत येताना ओकायामा स्टेशनबाहेरच्या एका देवळातून त्याने पाटी घेतली. घाईत खिडकीतल्या मुलीने जी दिली ती घेतली. गाडीत बसल्यावर वाचली, तर ती वाहतूक सुरक्षेची होती.

अशा पाटीवर पातळ पांढरा कागद गुंडाळलेला असतो. काढला तरी चालतं, पण देवाच्या वस्तूला उघडं कशाला करा, म्हणून बरीच माणसं तो तसाच ठेवतात. तोमोनोरीने तो नीट चापून बसवला. स्टुडिओतल्या बावीस जणांनी रांगेत उभं राहून पाटीसमोर दोनदा टाळ्या वाजवल्या, माना लववल्या. धाकट्याची मान सगळ्यात खाली गेली होती.

मग दोनशे चौदावा शॉट आला.

शॉट साधा होता. चित्रपटातल्या धाकट्या भावाचा उजवा हात मुठीवर येतो. अंगठा मूठ आणि पात्यामधली चकती पुढे रेटतो. बोटभर पातं बाहेर येतं आणि त्या बोटभर लखलखत्या पट्टीत थोरल्या भावाचा चेहरा दिसतो.

पहिल्यांदा तो ओदागिरी नावाच्या चित्रकाराला दिला. तिसऱ्या दिवशी बांगडा माशाचा पत्र्याचा डबा उघडताना त्याचा उजवा अंगठा फाटला. सात टाके. मग एका मुलीला दिला. ती सायकलवरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. ही बातमी आली तेव्हा तोमोनोरीने फळीवरच्या पाटीकडे पाहिलं. पाटी निदान स्वतःचं काम तरी करत असेल, ही त्याची आशा तिथे संपली. तिसऱ्या गृहस्थांनी ‘मी असलं काही मानत नाही’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून शॉट घेतला. शुक्रवारी जिन्याच्या दारावर आपटून त्यांच्या उजव्या कोपराचं हाड तडकलं.

अंगठा, मनगट, कोपर. हिशेब कुणी मोठ्याने केला नाही, पण चहाच्या यंत्रापाशी एकजण नकळत आपल्या हातावरून बोट वर नेत होता. ते खांद्याशी थांबलं. मग मानेकडे बघून त्याने ते चटकन खिशात घातलं.

शॉटचे आराखडे असलेलं पाकीट एका रिकाम्या खुर्चीवर ठेवलं गेलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या चारी पायांशी बशांत अरिष्ट अडवायला मिठाचे ढीग आले. कुणी ठेवले, कुणी विचारलं नाही. सफाईची बाई त्या खुर्चीभोवती झाडायची तेव्हा झाडू लांबवून झाडायची. तोमोनोरीला मात्र खुर्चीपेक्षा फळीचं भय होतं. उन्हाळ्याच्या दमटपणाने पाटीवरचा पांढरा कागद सैल पडला होता. वातानुकूलन यंत्र सुरू झालं, की त्याचा कोपरा वर उचलला जायचा, खाली पडायचा. पुन्हा वर. आत कुणीतरी श्वास घेत असावं तसा.

सोमवारी सागिसाकांनी बैठकीत शॉट धाकट्याला दिला.

“दुसरं कोण करणार?” ते म्हणाले. “शुक्रवारपर्यंत द्या. नाहीतर मला त्याच्याशिवाय चित्रपट जोडायला घ्यावा लागेल.”

“देतो,” यासुमिची म्हणाला.

तोमोनोरी खुर्चीतून उठला. “बाई,” तो नागुमोबाईंकडे वळला, “त्याला म्हणावं, हा शॉट घेऊ नको.”

बाईंनी मान सव्वा मीटर वळवली. “धाकटे, थोरले म्हणतात, हा शॉट घेऊ नका.”

“कारण विचारा.”

“कारण काय म्हणतात.”

कारण फळीवर होतं आणि त्याचा कोपरा हलत होता. “त्याला म्हणावं, मी करतो.”

“त्यांना म्हणावं,” यासुमिची पेन्सिलीला टोक काढत म्हणाला, “घोड्याला तलवार नसते.”

दोघं-तिघं हसले. सागिसाकांनी समजूत घातली. “मनाला लावून घेऊ नका थोरले. पण तुमच्या हातून तलवार बाहेर येते ती मुळा सोलल्यासारखी येते.”

तोमोनोरीचं टेबल भावाच्या मागे होतं. नऊ वर्षं तो ती पाठ बघत आला होता. आता त्याला फक्त उजवा खांदा दिसायला लागला. रेघ लांब असली की तो खांदा थोडा पुढे जायचा, मग सावकाश मागे यायचा. लहानपणी मत्सुदो गावच्या घरी मासे गुंडाळून आलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर दोघं चित्रं काढायचे, तेव्हा तोमोनोरीनेच त्याला सांगितलं होतं : मनगटाने नको यासु, खांद्याने काढ.

आणि मंगळवारी संध्याकाळी, त्या खांद्याकडे बघत असताना, त्याच्या मनात सरळ शब्दांत एक विचार आला. खांदा गेला, तर पिवळे कागदही गेले.

विचार क्षणभरच टिकला. पण तोमोनोरीने पेन्सिल खाली ठेवली. सागिसाकांनी नूडल्स खाताना लिहिलेल्या त्या वाक्यात भावाचा जीव घेणारा माणूस कसा दिसतो ते लिहिलेलं नव्हतं. आता त्याला ते कळलं. तो घोड्यांचे पाय काढत मागच्या टेबलावर बसलेला असतो.

बुधवारी सगळे जेवायला गेले तेव्हा त्याने मीठ ओलांडलं, खुर्चीवर अजून तसंच पडलेलं पाकीट उचललं आणि पिशवीत घातलं. “दाढ दुखतेय, उद्या येत नाही,” असं नागुमोबाईंना सांगितलं. गुरुवारी सकाळच्या पहिल्या बुलेट ट्रेनने तो निघाला. या वेळी बस चुकवली नाही.

बसमध्ये तो एकटाच होता. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने “परतीची तीन चाळीसला, ती शेवटची” एवढंच सांगितलं आणि गाडी धुक्यात गेली. भर दुपारी दोनला एवढं धुकं होतं, की देवदारांचे फक्त बुंधे दिसत होते, वरचं सगळं कापून टाकल्यासारखं. पायवाटेवर जुन्या भट्ट्यांचे काळे, भाजलेले खडे पडलेले होते. बुटाखाली आले की ते दात खाल्ल्यासारखे वाजायचे. तोमोनोरी थांबला, की आवाज थांबायचा. पण एकदा तो थांबल्यावर आवाज दोन पावलं उशिरा थांबला. मग त्याने थांबणं सोडून दिलं.

देऊळ लहान होतं. त्याच्या मागे दंतकथेतल्या तलवारींचं कोठार. लाकडी दार, दोरीला बांधलेल्या पवित्र कागदी पट्ट्या, पट्ट्यांवर शेवाळ. तोमोनोरीने पिशवी काखेत दाबली आणि टाळी वाजवायला हात वर केले. आतून धातूवर धातू घासल्याचा आवाज आला.

हा आवाज त्याला ठाऊक होता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो चाळीस वेळा ऐकला होता. अंगठा चकती रेटतो, तो आवाज.

दार हललं. बोटभर उघडलं. त्या बोटभर फटीत एक चेहरा दिसला.

तोमोनोरीच्या तोंडून जो आवाज निघाला तो घोड्याचा होता.

“ओरडायला काय झालं?” चेहरा म्हणाला. दार पूर्ण उघडलं तेव्हा चेहऱ्याला लागून एक ऐंशीची म्हातारी, एक पत्र्याची बादली आणि एक फडकं निघालं. “बूट काढ. आत्ताच पुसलंय.”

तिचं नाव उमेनो. देवळाची झाडलोट तिच्याकडे होती.

“आजी, विधी करायचाय,” तोमोनोरी गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

“पुजारी महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो. त्याच्याकडे एकोणीस देवळं आहेत.”

“आजी, शाप लागलाय.”

“मग तर रविवारीच ये. गडबडीत केलेलं लागत नाही.”

“निदान तलवारींसमोर तरी बसू द्या.”

“तलवारी कुठल्या? युद्ध हरलो तेव्हा अमेरिकन ट्रकमध्ये घालून घेऊन गेले. माझी आई बघायला गेली होती. आत आता नुसती दोन म्यानं आहेत.”

दुसऱ्या कुणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. तोमोनोरीने पिशवी आणखी घट्ट धरली. म्हणजे तलवारी ऐंशी वर्षांपूर्वीच म्यानाबाहेर गेल्या होत्या. परत आल्या नव्हत्या. कुठेतरी होत्या, उघड्या.

म्हातारीने त्याचा रंग पाहिला आणि खिडकीतून एक छापील अर्ज काढून दिला. “भरून ठेव. पुजारी आला की तुझ्या नावाने वाचेल.”

अर्जात नाव, पत्ता, जन्मसाल आणि ‘अरिष्टाचं कारण’ असे रकाने होते. कारणाचा रकाना दोन ओळींचा होता. तोमोनोरीने त्यात बस, खेकडा, साके, ओकायामाची पाटी, अंगठा, मनगट, कोपर असं सगळं बारीक अक्षरात बसवलं. मंगळवारच्या विचारासाठी जागा उरली नाही, म्हणून तो कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला. म्हातारीने अर्ज डोळ्यांपासून लांब धरून दोन्ही बाजू मोठ्याने वाचल्या. सावकाश वाचल्या. धुक्यात ते शब्द दूरपर्यंत गेले असावेत.

“भाऊ जिवंत आहे ना अजून?” तिने विचारलं.

“आहे.”

“मग देवाला काय सांगतोस? ज्याचा खांदा जाणारे त्याला सांग की, मेल्या. मोबाइल इथे लागत नाही. आत फोन आहे, तो घे.”

फोन जुना होता, तबकडीचा. बोटं दोनदा घसरली. पलीकडे नागुमोबाईंनी उचलला.

“थोरले! दाढ काय म्हणते? बरं झालं फोन केलात. ते पाकीट तुमच्याकडे आहे का हो? धाकटे म्हणतात, शॉट तुम्हीच पळवलात, स्वतः काढायला.”

“बाई, यासुला सांगा, त्या शॉटला हात लावू नकोस.”

“आता काय सांगणार? सकाळी नऊपासून तोच काढतायत. पाकिटाशिवाय, आठवणीतून. म्हणाले, थोरल्यांच्या आधी पुरा करतो. जेवलेसुद्धा नाहीत.”

 “त्याला फोन द्या.”

“मी सांगते ना, काय सांगायचं ते.”

“तुम्ही नको! त्यालाच द्या.”

नऊ वर्षांत असं झालं नव्हतं.  मग पावलं ऐकू आली, ती टेबलापासून बरीच अलीकडे थांबली, आणि काहीतरी लाकडावरून सरकवल्याचा आवाज आला. बाईंनी फोन लांब फूटपट्टीने पुढे ढकलला होता, हे त्याला मागाहून कळलं.

“हॅलो,” धाकटा म्हणाला.

“यासु. पेन्सिल खाली ठेव.”

 पलीकडून पेन्सिलीचा आवाज येत होता. लांब रेघ. खांद्याने काढलेली.

“यासु, मी विधी केलेला नाही. एप्रिलमध्ये इथे देवळात आलोच नव्हतो. बस चुकली, मग मी दारू प्यायलो. ती पाटी दुसऱ्याच देवळातली आहे. त्या तिघांचे हात माझ्यामुळे गेले. आता तुझी पाळी आहे. आणि मला… मंगळवारी मला क्षणभर वाटलं, होऊ दे. म्हणून सांगतोय. ठेव ती पेन्सिल.”

रेघ थांबली.

“कुठल्या देवळातली पाटी?”

“ओकायामा स्टेशनच्या बाहेरच्या.”

“कसली?”

तोमोनोरीने डोळे मिटले. “वाहतूक सुरक्षेची.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग एक धडाका झाला, काच फुटली, बाई किंचाळल्या, आणि पुढे काहीच नाही. फोन चालू होता. त्यातून खोलीची शांतता येत होती. तोमोनोरीने दोनदा हाक मारली. इथे बाहेर धुकं दारापर्यंत आलं होतं आणि म्हातारी त्याच्याकडे न बघता बादलीत फडकं पिळत होती. खांदा, त्याने मनात म्हटलं. मग मान. त्याला आईला काय सांगायचं ते सुचेना. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, हेही त्या वेळी सुचलं नाही. खाली कुठेतरी बसचा भोंगा वाजला आणि दूर गेला.

“दादा.”

तोमोनोरीने फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

“दादा, आहेस का? खरंच वाहतूक सुरक्षेची आहे रे. कागद काढून बघितला.”

“खांदा?”

“काय?”

“खांदा कुठाय तुझा?”

“जागेवर आहे.”

“मान?”

“त्याच्या वर आहे. खुर्चीवर चढताना मिठाच्या बशांना पाय लागला, दोन फुटल्या. नागुमोबाई घाबरून कपाटामागे गेल्यात.” मग आवाज चढवून तो म्हणाला, “नऊ वर्षांनी फोन करतोस, आणि काय सांगतोस तर खेकडा खाल्ला.”

“खेकडा म्हणालो नव्हतो मी. दारू म्हणालो.”

“इझुमोला जाऊन खेकडा खाल्ल्याशिवाय तू राहिला असशील होय?”

तोमोनोरी हसला की रडला ते म्हातारीलाही कळलं नाही. तिने त्याच्यापुढे एक चटई सरकवली. तो चटईवर बसला.

“तो शॉट फाडून टाक यासु. ऐक माझं.”

“पुरा होत आलाय. शेवटचा चेहरा राहिलाय फक्त.”

“चेहरा काढू नकोस!”

“काढायलाच हवा. शॉट त्याच्यावरच संपतो. तुझाच घेतलाय, थोडा बारीक करून. अजून चार तास लागतील. मग आज रात्रीच देऊन टाकतो सागिसाकांना, शुक्रवारच्या आधी…”

पलीकडून नागुमोबाईंचा आवाज आला. लांबून, बहुधा कपाटामागूनच.

“धाकटे, जरा ऐकता का? मघापासून सांगायचं राहतंय. तुमच्या टेबलाजवळ यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून राहिलं. पाकीट सापडेना, तेव्हा सागिसाकासाहेबांनी त्या शॉटशिवायच जोडून बघितलं. कुणाला काही फरक जाणवला नाही. सकाळी साडेदहालाच काढून टाकला तो.”